झडीआडचा उजेड

मृग नक्षत्र लागायच्या आठ-दहा दिवस आधी आमच्या घराच्या पश्चिमेकडच्या पडवीला माडाचे झाप बांधले जातात. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्यासारख्या जुन्या घरांच्या भिंती मातीच्या आहेत, आणि इकडचा पाऊस नुसता वरून पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. त्या झडीने भिंत भिजत राहिली, की चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, येईपर्यंत तिचे पोपडे सुटतात. म्हणून बाबा एप्रिलपासूनच माडाची चुडते जमवून ठेवतात, कोयत्याने ती मधल्या दांड्यावर उभी चिरतात, कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, तळीत काही दिवस भिजत घालतात आणि ती मऊ झाली की पाती एकाआड एक घालून विणायला बसतात. अशा विणलेल्या झापांना आमचे शेजारी कोकणीतून मल्लां म्हणतात. सुंभाने झाप वाशांना आवळले की भिंतीची काळजी मिटते. पण त्याच दिवसापासून पडवीत दुपारी चार वाजताही दिवा लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत.

गेली सहा वर्षे ज्या पदार्थावर मी काम करते आहे, त्याची अडचण हुबेहूब हीच आहे, हे लक्षात यायला मला बराच काळ लागला. त्या पदार्थाला स्तरित पेरॉव्हस्काइट म्हणतात; प्रयोगशाळेत आम्ही सरळ ‘थरांचे’ म्हणतो. सूर्यप्रकाशापासून वीज काढणाऱ्या घटांसाठी तो वापरला जातो. त्यातले सेंद्रिय थर बाहेरच्या पाण्याला आत येऊ देत नाहीत, आणि तेच थर आत तयार झालेल्या विजेला बाहेर पडू देत नाहीत. पाणी अडवायचे आणि वीज सोडायची, ही दोन्ही कामे एकाच पडद्याकडून कशी करून घ्यायची, एवढाच प्रश्न आहे. तो सुटला तर गोव्यासारख्या ओल्या मुलखातल्या छपरांवर हे घट टिकतील असे मला मनापासून वाटते, आणि म्हणून विक्रमाच्या आकड्यांपेक्षा या एका प्रश्नात माझा जीव अधिक अडकला आहे.

पेरॉव्हस्काइट हे नाव मूळचे एका खनिजाचे. १८३९ मध्ये उरल पर्वतातून आलेल्या एका खनिजाला गुस्ताव रोझे या जर्मन शास्त्रज्ञाने लेव्ह पेरॉव्हस्की या रशियन खनिजप्रेमीचे नाव दिले. सौरघटांत ते खनिज नसते, त्याच्या स्फटिकाची ठेवण तेवढी घेतलेली असते. त्सुतोमु मियासाका आणि त्यांच्या जपानमधील सहकाऱ्यांनी २००९ मध्ये शिसे, आयोडीन आणि मिथिलअमोनियम हा लहान सेंद्रिय घटक यांचा असा पदार्थ घटात वापरला, तेव्हा पडणाऱ्या प्रकाशापैकी ३.८ टक्के ऊर्जेचीच वीज झाली, आणि तो घट फार वेळ टिकलाही नाही. २०१२ मध्ये पूर्णपणे घनरूप घट तयार झाले आणि हा आकडा १० टक्क्यांच्या आसपास गेला. आज लहान आकाराच्या घटांत तो २६ टक्क्यांच्या पुढे आहे. सिलिकॉनला एवढी मजल मारायला अनेक दशके लागली होती. शिवाय सिलिकॉन शुद्ध करून वितळवायला चौदाशे अंशांहून अधिक तापमान लागते, तर काचेवरची पेरॉव्हस्काइटची फिल्म (पातळ लेप) शंभर अंशांच्या हॉट प्लेटवर, म्हणजे घावन घालायच्या तव्यापेक्षाही कमी आचेवर तयार होते.

मग सगळे काही छान चालले असताना अडचण कसली? ती मला माझ्या पहिल्या पावसाळ्यातच दिसली. साध्या, म्हणजे थर नसलेल्या पेरॉव्हस्काइटची फिल्म करताना काचेवर द्रावणाचे काही थेंब टाकायचे, काच मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वेगाने गरगर फिरवायची आणि नेमक्या सेकंदाला वरून क्लोरोबेंझिन हा द्रव सोडायचा. तोवर फिल्म फिकट पिवळसर, जवळजवळ पारदर्शक असते. ती चिमट्याने उचलून हॉट प्लेटवर ठेवली, की कडेकडून तपकिरी रंग आत सरकू लागतो आणि मिनिटभरात सगळी काच काळ्याभोर आरशासारखी चमकू लागते. तो रंग चढताना मी आजवर शेकडो वेळा पाहिला असेल, पण अजूनही त्या मिनिटात मी दुसरीकडे बघत नाही. त्या जुलैत अशा सोळा काचा करून मी संध्याकाळी पेटीत ठेवल्या. रात्री वीज गेली, खोलीतली हवा कोरडी ठेवणारे यंत्र बंद पडले आणि वीज परत आल्यावर ते आपोआप सुरू झाले नाही. सकाळी पेटी उघडली तेव्हा सोळाच्या सोळा काचा हळदीसारख्या पिवळ्या झालेल्या होत्या. हवेतल्या बाष्पाने मिथिलअमोनियम बाहेर काढून नेले होते आणि मागे उरले होते ते निव्वळ लेड आयोडाइड. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एक काच उजेडासमोर धरली आणि म्हणाल्या, “आपल्याकडे हा पदार्थ वापरायचा तर आधी पाण्याशी बोलणी करावी लागतील.” त्यांचे हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

ही बोलणी करायची जागा थरांमध्ये आहे. पेरॉव्हस्काइटच्या स्फटिकात मध्यभागी शिशाचा अणू आणि त्याच्याभोवती सहा आयोडीन अणू अशी आठ फलकांची आकृती असते. या आकृत्या एकमेकींच्या टोकांना धरून लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशांना पसरतात, आणि त्यांच्यामधल्या पोकळीत मिथिलअमोनियमसारखा लहान आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, बसतो. पोकळी लहान असल्यामुळे तिथे काय मावेल याला मर्यादा आहे. व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी १९२६ मध्येच अणूंच्या आकारांवरून त्याचे गणित मांडले होते. लांब शेपटीचा मोठा सेंद्रिय आयन, उदाहरणार्थ ब्यूटिलअमोनियम किंवा फिनाइलएथिलअमोनियम, तिथे मावत नाही. तो घातला, की स्फटिक एका दिशेने उकलतो आणि वहीच्या पानांसारखे त्याचे थर होतात: शिसे-आयोडीनचे पान, त्यावर सेंद्रिय शेपट्यांचा अस्तर, पुन्हा पान. या शेपट्या तेलकट स्वभावाच्या असल्यामुळे पाण्याला थारा देत नाहीत. दोन अस्तरांच्या मध्ये शिसे-आयोडीनच्या किती पातळ्या आहेत, त्या संख्येला आम्ही ‘एन’ म्हणतो. एकाच पातळीचा पदार्थ नारिंगी दिसतो, दोन पातळ्यांचा लाल, तीनचा वाळलेल्या आमसुलासारखा गडद आणि चारचा जवळजवळ काळा. हे चार रंग चार बाटल्यांतून ओळीने मांडून ठेवले, तर सगळे पदार्थविज्ञान डोळ्यांना दिसते, असे मला वाटते.

असे थर करता येतात हे काही नवे नव्हते. डेव्हिड मिट्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये कथिलाच्या अशाच थरांमधून वीज वाहते हे दाखवले होते. सौरघटासाठी मात्र हा विचार २०१४ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात हेमामाला करुणादासा यांच्या गटाने पुढे आणला. तीन पातळ्यांच्या त्यांच्या फिल्म ५२ टक्के आर्द्रतेच्या हवेत ४६ दिवस ठेवूनही बिघडल्या नाहीत. (आमच्याकडे ५२ टक्के आर्द्रता म्हणजे जानेवारीतली कोरडी दुपार, हे मी त्यांचा शोधनिबंध वाचताना समासात लिहिले होते.) पण त्या घटाची कार्यक्षमता होती ४.७३ टक्के. साध्या पेरॉव्हस्काइटने तोवर १५ टक्के केव्हाच मागे टाकले होते. भिंत कोरडी राहिली होती, आणि पडवीत काळोख झाला होता.

हा काळोख कुठून येतो ते नीट पाहिले पाहिजे, कारण त्याची कारणे एकाहून अधिक आहेत. पहिले कारण प्रकाश शोषण्याचे. थर जितका पातळ, तितका इलेक्ट्रॉन कोंडला जातो आणि त्याला उडी मारायला अधिक ऊर्जा लागते. साध्या पेरॉव्हस्काइटला साधारण १.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचे एक सूक्ष्म माप) पुरतात, त्यामुळे तो जवळजवळ सगळा दृश्य प्रकाश गिळतो. एका पातळीच्या थराला सुमारे २.४ लागतात, म्हणजे निळा आणि थोडा हिरवा प्रकाश उपयोगी पडतो आणि पिवळा, तांबडा आरपार निघून जातो. दुसरे कारण त्याहून चिवट आहे. प्रकाशाने सुटा झालेला इलेक्ट्रॉन आणि त्याच्या मागे राहिलेली रिकामी जागा, जिला होल म्हणतात, ही जोडी वेगळी होऊन दोन बाजूंना गेली तरच वीज मिळते. साध्या पेरॉव्हस्काइटमध्ये खोलीच्या तापमानाची उष्णताच त्यांना वेगळे करायला पुरते. तिची मात्रा साधारण २५ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. पातळ थरात मात्र आजूबाजूचे सेंद्रिय अस्तर विद्युत ओढ झाकून टाकण्यात कमी पडते, आणि ही जोडी शेकडो मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टच्या ओढीने एकमेकांना धरून राहते. बरेचदा ती वेगळी होतच नाही. तिथल्या तिथे मिटून जाते आणि प्रकाश पुन्हा बाहेर टाकते. एका पातळीची काच अतिनील दिव्याखाली धरली, तर ती हिरवी लखलखते. दिसायला ते फार सुंदर आहे, पण तो सगळा हिरवा उजेड म्हणजे आमच्या हातून निसटलेली वीज असते.

तिसरे कारण वाटेचे. काचेवर फिल्म करताना हे थर स्वाभाविकपणे आडवे, काचेला समांतर पडतात, अंगणात पसरलेल्या चटयांसारखे. वीज गोळा करणारे थर मात्र खाली आणि वर आहेत. म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉनला एकामागून एक अस्तर ओलांडत जावे लागते, आणि अस्तर हे विजेचे निरोधक आहे. पानाच्या अंगाने तो भराभर पळू शकतो. पानातून आरपार जाताना अडतो.

इथे मला पडवीतली आजीची जागा आठवते. बाबा झाप भिंतीला चिकटवून बांधत नाहीत. वळचणीपासून पुढे काढून तिरके सोडतात, म्हणजे झाप आणि भिंत यांच्यात एक बोळ तयार होतो. पडवीच्या दक्षिण टोकाला तो बोळ उघडा असतो, आणि झापाच्या आतल्या अंगाने सरकत येणारा उजेड तिथे दीड-दोन हात जागेत पडतो. आजी पावसाळाभर सूप घेऊन तिथेच बसायची. झापातून उजेड आत येत नाही. झापाच्या अंगाने मात्र येतो. थरांच्या घटाची कार्यक्षमता वाढवण्याचा सगळ्यात मोठा टप्पा ज्या कल्पनेने गाठला गेला, तीही याच जातीची होती: अस्तर काढून टाकायचे नाही, थर उभे करायचे.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेतील आदित्य मोहिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून दाखवले. कृती ऐकायला अगदी साधी आहे: काच आधीच तापवायची आणि गरम असतानाच तिच्यावर द्रावण टाकून फिरवायची. द्रावक झपाट्याने उडून जातो आणि स्फटिक वाढतात ते थर उभे ठेवून. त्या उभ्या थरांतून इलेक्ट्रॉनला खालून वरपर्यंत सलग वाट मिळाली आणि ब्यूटिलअमोनियमच्या घटाची कार्यक्षमता १२.५२ टक्क्यांवर पोहोचली. त्याच प्रकारच्या घटांत त्याआधीचा आकडा ४ टक्क्यांच्या आसपास होता. स्फटिक असे का उभे राहतात, याचा उलगडा पुढे झाला: ते काचेपासून वर वाढत नाहीत, द्रावणाच्या हवेकडच्या पृष्ठभागावर त्यांची सुरुवात होते आणि तिथून ते खाली उतरतात. म्हणून पृष्ठभागावर काय घडते यावर सगळे अवलंबून आहे, आणि म्हणूनच अमोनियम थायोसायनेट किंवा अमोनियम क्लोराइडचा चिमूटभर अंश द्रावणात घातला की स्फटिकांची दिशा सुधारते.

ही कृती मी पहिल्यांदा केली तेव्हा ती साधी आहे असे मला मुळीच वाटले नाही. गरम काच हॉट प्लेटवरून उचलून फिरत्या चकतीवर ठेवायला जे दोन-तीन सेकंद लागतात, तेवढ्यात ती निवते. आणि पावसाळ्यात ती किती निवेल हे रोज वेगळे असते. आम्ही काचेचा चिमटासुद्धा तापवून घेऊ लागलो. फिल्म उभी झाली की आडवी, हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी क्ष-किरणांच्या यंत्रात काच ठेवावी लागते. थर आडवे असतील, तर आलेखाच्या डाव्या टोकाला, लहान कोनांवर, सारख्या अंतराने शिखरे येतात. शिडीच्या पायऱ्या मोजाव्यात तशी ती मोजता येतात, आणि दोन पायऱ्यांमधल्या अंतरावरून थरांमधले अंतर काढता येते. कित्येक आठवडे मला ती शिडी दिसत होती. मग एका दुपारी आलेखाचा डावा भाग कोरा आला. मला आधी वाटले की काच यंत्रात नीट बसली नाही. पण उजवीकडे, चौदा आणि अठ्ठावीस अंशांच्या आसपास, दोन उंच, टोकदार शिखरे होती, आणि त्यांचा अर्थ एकच होता. मी यंत्र पुन्हा चालवले, तिसऱ्यांदा चालवले, आणि मग कागद छापून मॅडमच्या टेबलावर ठेवून आले. बाहेर पठारावर पाऊस इतका होता की समोरची इमारत दिसत नव्हती.

२०१६ च्या त्या घटाबद्दल आणखी एक आकडा आहे, आणि मला तो १२.५२ पेक्षा मोलाचा वाटतो. वरून कसलेही आच्छादन न घालता तो घट २२५० तास सतत प्रमाणित प्रकाशात ठेवला, तरी त्याची ६० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता शिल्लक होती. २२५० तास म्हणजे जवळजवळ ९४ दिवस. मृगापासून दिवस मोजत गेलो, तर ते चवथीच्या आगेमागे भरतात. वर्षाला सरासरी ३००० मिलीमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या गोव्यात कुठल्याही नव्या छपराची परीक्षा याच दिवसांत होते. अर्थात प्रयोगशाळेतला ९४ दिवसांचा प्रकाश आणि आमच्या जुलैतली झड यांत फार मोठे अंतर आहे. तरी काळाचे माप मला असेच समजते.

उभे केल्यानंतरचे काम अधिक बारीक आहे. अस्तर कोणते घालायचे, हा त्यातला पहिला मुद्दा. ब्यूटिलअमोनियमसारख्या रेणूचे एकच टोक शिसे-आयोडीनला धरते. दुसरे टोक मोकळे राहते आणि समोरून आलेल्या तशाच मोकळ्या टोकाला नुसते टेकते. अशा रचनेला रडल्सडेन-पॉपर म्हणतात. त्याऐवजी दोन्ही टोकांना धरणारा रेणू घातला, तर एकाच रेणूने वरचे आणि खालचे पान बांधले जाते, मधली फट नाहीशी होते आणि पाने एकमेकांजवळ येतात. ही डिऑन-जेकबसन रचना. सुंभाची एक गाठ मारून झाप लोंबकळत ठेवणे आणि दोन्ही कडांना गाठी मारून ताठ बांधणे यांतला हा फरक आहे. पाने जवळ आली की इलेक्ट्रॉनला एका पानातून दुसऱ्यात जाणेही सोपे होते, आणि वाऱ्यापावसात रचनाही सैल पडत नाही. फिनाइलएथिलअमोनियमच्या कडीवर फ्लोरिनचा एक अणू बसवणे, ही दुसरी युक्ती. त्यामुळे रेणू एकमेकांशेजारी अधिक शिस्तीत रचले जातात.

दुसरा मुद्दा शुद्धतेचा, आणि माझी दोन वर्षे त्यात गेली. चार पातळ्यांचा थर हवा म्हणून त्या प्रमाणात घटक विरघळवले, तरी काचेवर नुसता चार पातळ्यांचा थर येत नाही. दोनचे, तीनचे, पाचचे आणि कुठे कुठे साध्या पेरॉव्हस्काइटचे स्फटिकही त्यात मिसळलेले असतात. प्रत्येकाची ऊर्जा-पातळी वेगळी असल्यामुळे इलेक्ट्रॉन खळग्यांच्या रस्त्यावरून जावे तसा जातो, कुठल्यातरी खळग्यात अडकतो, आणि घटाचा व्होल्टेज घसरतो. काही जणांचे म्हणणे असे, की या मिश्रणात ऊर्जा उतरणीने योग्य जागी पोहोचते आणि त्याचा फायदाच होतो. दिव्यासाठी, म्हणजे प्रकाश बाहेर टाकायच्या कामासाठी, हे मला पटते. सौरघटासाठी पटत नाही, कारण तिथे एका जागी गोळा होणे नको असते, दोन दिशांना पांगणे हवे असते. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात मोहिते यांच्या गटाने यावर एक देखणा उपाय काढला. त्यांनी आधी नेमक्या हव्या त्या पातळ्यांचे शुद्ध स्फटिक वाढवले आणि तेच विरघळवून द्रावण केले. त्या द्रावणात सूक्ष्म बीजे शिल्लक राहतात, आणि फिल्म वाळताना नवे स्फटिक त्या बीजांचीच ठेवण उचलतात. दुधाला विरजण लावताना कालच्या चांगल्या दह्याची कवडी वापरावी, तशी ही रीत आहे. आम्हीही आता घटकांची पूड थेट न मिसळता आधी स्फटिकच वाढवतो. वेळ तिप्पट लागतो, पण एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत आकडे पूर्वीसारखे उड्या मारत नाहीत.

त्याच गटाने २०२१ मध्ये जे दाखवले, ते वाचून मी संध्याकाळभर दुसरे काही केले नाही. डिऑन-जेकबसन प्रकारच्या थरांवर प्रकाश पडत राहिला, की थरांमधले अंतर काही मिनिटांत सुमारे एक टक्क्याने कमी होते. प्रकाश काढून घेतला, की ते पूर्ववत होते. प्रकाशाने निर्माण झालेले प्रभार समोरासमोरच्या आयोडीन अणूंपाशी जमतात, त्या अणूंमधली ओढ वाढते आणि पाने एकमेकांकडे सरकतात. सरकल्यामुळे विजेची वाट सुधारते, आणि घटाची कार्यक्षमता १५.६ वरून १८.३ टक्क्यांवर जाते. ज्या अस्तराला आम्ही इतकी वर्षे केवळ अडथळा समजत होतो, ते उन्हात स्वतःहून आक्रसून वाट देते. पदार्थाच्या अंगात हा गुण असतो, हे कोणी ठरवून घडवलेले नव्हते; कोणीतरी प्रकाश चालू ठेवून पुन्हा पुन्हा मोजले, म्हणून ते सापडले. आणि मोजताना काळजी घेतली नाही, तर हाच गुण फसवूही शकतो: घट किती वेळ उजेडात होता हे न लिहिता सांगितलेला कार्यक्षमतेचा आकडा अर्धवट असतो. आमच्या वहीत त्यानंतर ‘उजेडातली मिनिटे’ असा एक नवा रकाना आला.

तरीही, निव्वळ थरांचा घट साध्या पेरॉव्हस्काइटची बरोबरी अजून करत नाही, हे स्वच्छ सांगितले पाहिजे. म्हणून दुसरी वाट अशी, की वीज तयार करायचे काम साध्या पेरॉव्हस्काइटने करावे आणि त्यावर थरांचे पातळ पांघरूण घालावे. २०१७ मध्ये ज्युलिया ग्रानचीनी आणि सहकाऱ्यांनी अशा मिश्र रचनेचे दहा गुणिले दहा सेंटिमीटरचे मॉड्यूल, म्हणजे एकत्र जोडलेल्या घटांची पाटी, वर्षभराहून अधिक काळ चालवून दाखवले. पुढची अडचण रसायनाची होती: वरचा थर ज्या द्रावकात विरघळवून ओतायचा, तोच द्रावक खालच्या थरालाही खाऊन टाकतो. २०२२ मध्ये मोहिते यांच्या गटाने द्रावकांच्या गुणधर्मांचे मोजमाप करून असे द्रावक निवडले, जे थरांच्या पदार्थाला विरघळवतात आणि साध्या पेरॉव्हस्काइटला धक्का लावत नाहीत. त्यामुळे वरच्या पांघरुणाची जाडी आणि त्यातली पातळ्यांची संख्या हवी तशी ठरवता आली, कार्यक्षमता २४.५ टक्क्यांवर गेली आणि २००० तासांहून अधिक काळात ती एक टक्क्याहून जास्त घसरली नाही. मला या कामात आकड्याइतकीच त्यामागची पद्धत आवडली. त्यांनी नशिबावर हवाला ठेवून शंभर द्रावक चाखून पाहिले नाहीत; कोणता गुण हवा हे आधी ठरवले आणि मग त्या गुणाचा द्रावक शोधला.

माझे सध्याचे काम या पांघरुणाचे आहे, आणि त्यात मला एक गोष्ट सतत खटकते. थर उभे केले की वीज सहज जाते. पण त्यांच्या कडा वर उघड्या पडतात, आणि पान कितीही तेलकट असले तरी दोन पानांमधल्या फटीतून बाष्प आत शिरू शकते. थर आडवे ठेवले तर पाणी चांगले अडते आणि वीज अडते. पांघरूण अगदी पातळ, काही नॅनोमीटरचे असेल, तर आडवे चालते, कारण तेवढे अंतर इलेक्ट्रॉन पार करून जातो. जाड करायचे असेल तर दिशा बदलावीच लागते. किती जाडीला कोणती दिशा, हे गोव्याच्या हवेत ठरवायला हवे, असा माझा आग्रह आहे. सौर पॅनेलांच्या आंतरराष्ट्रीय कसोटीत ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता यांत १००० तास काढावे लागतात. त्यातले ८५ अंश आमच्या छपरांवर येत नाहीत, पण ८५ टक्के आर्द्रता जुलैत रोजची आहे, आणि १००० तास म्हणजे जेमतेम ४२ दिवस. सिलिकॉनच्या पॅनेलाची हमी २५ वर्षांची असते. म्हणजे पंचवीस मृग. छपरावर बसवलेला घट पहिल्या दिवशी २० टक्के देतो की २४, यापेक्षा तिसऱ्या मृगानंतर किती देतो, हेच इथला माणूस विचारणार.

शिशाचा विचारही सोडून चालणार नाही. पॅनेलाच्या क्षेत्रफळाच्या मानाने त्यातले शिसे थोडे असते हे खरे. पण लेड आयोडाइड पाण्यात काही प्रमाणात विरघळते, आणि आमच्या छपरावरचे पाणी पन्हळीतून थेट बावीच्या, म्हणजे विहिरीच्या, बाजूला जाते. घट फुटला तरी शिसे जागच्या जागी धरून ठेवणारे आवरण हवेच. थरांचे पांघरूण पाणी अडवते ते केवळ विजेसाठी नाही, बावीसाठीही अडवायला हवे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते.

या वर्षी मृगाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बारा काचा आच्छादनाविना साध्या जाळीच्या कपाटात ठेवल्या आहेत. हवा कोरडी करणारे यंत्र मुद्दाम बंद आहे. सहा काचांवर आडवे पांघरूण आहे, सहांवर उभे. रोज सकाळी नऊ वाजता मी पांढऱ्या कागदावर त्यांची छायाचित्रे घेते आणि शोषणाचा आलेख काढते. आज चव्वेचाळिसावा दिवस. उभ्या पांघरुणाच्या दोन काचा फिकट झाल्या आहेत, चार अजून गडद आहेत. आडव्या पांघरुणाच्या सहाही काचा काळ्याभोर आहेत. फक्त पाचव्या काचेच्या कोपऱ्यात, जिथे मी चिमट्याने धरले होते तिथे, पांघरूण खरवडले गेले आहे आणि तांदळाच्या दाण्याएवढा पिवळा चट्टा उमटला आहे. काल तो अर्धा होता. उद्या त्याची कड सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची आहे: तो पांघरुणाखालून पसरतो आहे की पांघरूणच मागे हटते आहे, ते त्यावरून कळेल.